दोन फेऱ्यांचं कुलूप

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला चपलेत शिरलेला खडा काढायला म्हणून शांतवन साळवे ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या दाराला डावा खांदा टेकून एका पायावर उभा राहिला, आणि दार उघडलं. पडला नाही, एवढंच. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात किल्ली आणि अंगाने तो आत. किल्ली अजून कुलपाच्या जवळपासही गेली नव्हती. त्याला आधी वाटलं, चोर. त्याने प्रभुभोजनाच्या पेल्याचं कपाट बघितलं, पेटीवरचा अभ्रा उचलून बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं; सगळं जागच्या जागी होतं आणि घड्याळ नेहमीसारखं सात मिनिटं मागे होतं. मग वाटलं, आपणच गेल्या रविवारी कुलूप लावायला विसरलो. पण हे त्याचं त्यालाच पटेना. विसरणं त्याच्या अंगात नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात तेवीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, मापाच्या गेजशिवाय कशाला हो म्हणत नाही, बायकोने पोळी वाढली तरी कडा बघतो असं सरिता चारचौघांत सांगायची. कुलपाचं तर त्याचं ठरलेलंच होतं. किल्ली घालायची, दोन फेरे द्यायचे, दुसऱ्या फेऱ्याला खट असा आवाज ऐकायचा, किल्ली काढायची आणि मग पितळी कडी आपल्याकडे ओढून बघायची. कडी ओढली की दार हलत नाही, मग घरी जायचं. हे त्याला बाबांनी शिकवलं होतं. त्याने चप्पल पायात घातली, बाहेर आला, दार ओढून घेतलं, दोन फेरे दिले, खट ऐकलं, कडी ओढली. दार हललं नाही. मग, आपण करतोय ते बरं नाही असं वाटत असतानाही, त्याने खांदा लावला. दार उघडलं.

दार आत उघडतं. एवढी साधी गोष्ट. आणि पंधरा वर्षं, बाबा गेल्यापासून, तो ते बाहेर ओढून बघत होता. शांतवन तिथेच पायरीवर बसला आणि त्याला स्वतःचंच हसू आलं, पण ते पूर्ण आलं नाही, अर्ध्यातच थांबलं. मग कामाची सवय मदतीला आली. त्याने डोळे बारीक करून चौकट बघितली. चौकट एका बाजूला कललेली, सागाची फळी आकसलेली. कुलपाची जीभ बाहेर येत होती, पण पट्टीतल्या भोकात जेमतेम नखभर शिरत होती आणि जरा रेटलं की निसटत होती. चार मिलिमीटरचा फरक. पण त्याला धक्का बसला तो त्याचा नाही. जिभेचं टोक गोल झालं होतं. पितळी पट्टीवर जीभ घासून घासून एक चर पडला होता, आणि तो चर आरशासारखा चकचकीत होता. अशी झीज वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको. रोज कोणीतरी, कदाचित दिवसातून दोनदा-तीनदा, हे दार रेटत होतं, आणि पंधरा वर्षांच्याही आधीपासून रेटत होतं. त्याने दाराचा हिरवा रंग बघितला. एका जागी तो काळपट, तेलकट झाला होता. त्याच्या खांद्याच्या वीतभर खाली. म्हणजे ते खांदे त्याच्यापेक्षा बुटके होते.

दुसरा कुठला शनिवार असता तर त्याने ही गंमत म्हणून सोडून दिली असती. पण उद्या ज्योत्स्ना येणार होती. धाकटी बहीण, बारा वर्षांनी. तिचा नवरा दीपक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, लग्नानंतर लगेच त्याची चंद्रपूरला बदली झाली, तिथून कोराडीला, आणि आता पुन्हा एकलहरे. मधल्या वर्षांत पत्रं आली-गेली, तिच्याकडून दिवाळीचा फराळ, ह्याच्याकडून नाताळच्या करंज्या, कोणाच्या हातून कोणाच्या हाती. दोघंही पत्रात तब्येतीचं लिहायची, हवेचं लिहायची. मंगळवारी फोन आला. रविवारी येते म्हणाली, आईच्या बाकावर बसायचंय म्हणाली, आणि मग हसल्यासारखा आवाज करून म्हणाली, "उघडशील ना?" त्या दोन शब्दांनी शांतवनची झोप गेली होती. चार दिवस तो लेथच्या आवाजातही तेच ऐकत होता.

कारण एकदा त्याने उघडलं नव्हतं. मागच्या सिंहस्थात. नाशिकची माणसं वर्षं तशी मोजतात, शांतवनही तशीच मोजायचा, कुंभ आपला नसला तरी. त्या श्रावणात सगळ्या बसगाड्या त्र्यंबकेश्वराकडे वळवलेल्या, सातपूरला जायला पायी निघावं लागे. ज्योत्स्नाने दीपकशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं होतं. दीपक निफाडकडच्या शेतकरी घरातला, हिंदू, शांत मुलगा. त्याच्याबद्दल कोणाला काही वाईट बोलता आलं नसतं, आणि म्हणूनच मंडळीच्या कमिटीतली चर्चा लांबली. शेवटी सेक्रेटरींनी शास्त्र उघडलं आणि प्रभूने शिष्य पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या ती जागा वाचली. इथे पृथ्वीवर जे बांधलं जाईल ते वरही बांधलं जाईल, इथे जे मोकळं होईल ते वरही मोकळं. वाचून त्यांनी चष्मा काढला. ज्योत्स्नाचं नाव मंडळीच्या यादीतून कमी झालं आणि देवळाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने हे लक्षात ठेवावं असं ठरलं. शांतवन मागच्या बाकावर बसला होता. तेहेतीस वर्षांचा होता. किल्ली त्याच्या खिशात होती आणि तिचा गारवा मांडीला लागत होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती आली. तो दुसऱ्या पाळीला निघाला होता आणि जाता जाता कडी ओढून बघायला देवळाच्या पायरीशी थांबला होता. पिवळी साडी, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली, दादा, पाच मिनिटं उघड, उद्या जायचंय, आईच्या बाकावर जरा बसते. तिसरा बाक, डावीकडचा, खिडकीजवळचा. आई जाईपर्यंत दर रविवारी तिथेच बसायची, आणि ज्योत्स्ना तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. शांतवन म्हणाला, कमिटीने नाही सांगितलंय. ती "बरं" एवढंच म्हणाली. रडली असती, भांडली असती तर त्याने उघडलंही असतं, असं त्याला नंतर शेकडो वेळा वाटलं. तिच्या त्या शहाण्यासारख्या "बरं"ने त्याला वाटच ठेवली नाही. तो चालायला लागला. सातपूरपर्यंत यात्रेकरूंच्या गर्दीतून चालला, आणि पाळी सुरू झाल्यावर पहिल्याच अर्ध्या तासात एक चांगला घडत आलेला जॉब बाद केला, आयुष्यात पहिल्यांदा.

पाप केलं असं तो कोणाला म्हणाला नाही. सरितालाही नाही. पण एक भीती मनात रुतून बसली, आणि ती अशी होती की इतर कोणाला सांगितली तर हसले असते. कमिटीने ठराव केला, ठराव कागदावर राहिला. पण खरं दार बंद ठेवलं ते त्याने. बांधलं ते त्याच्या किल्लीने. आणि वर जर ते तसंच बांधलं गेलं असेल, तर एके दिवशी ज्योत्स्ना दुसऱ्या कुठल्या दारासमोर पिवळी साडी नेसून उभी राहील, आणि आतून तिला कोणी म्हणेल, तुझ्या भावाने नाही सांगितलंय. बाबांच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर पेत्र दोन किल्ल्या घेऊन उभा. लहानपणी तो चेहरा त्याला प्रेमळ वाटायचा. त्या श्रावणानंतर त्याने ते कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकलं.

बाबांचं मात्र किल्लीशी नातं निराळं होतं. चिमाजी साळवे, शाळेत शिपाई, आणि एकतीस वर्षं देवळाची किल्ली सांभाळणारे. किल्ली लोखंडाची, वीतभर लांब, आणि ते ती सुतळीने बांधून खांद्यावरून पाठीवर सोडायचे. पोरं मागून हसायची. बाबा म्हणायचे, हसा, पण शास्त्रात किल्लीची जागा खिशात नाही, खांद्यावर आहे. मग ते यशयाच्या पुस्तकातली गोष्ट सांगायचे, शब्दाला शब्द नाही, आपल्या रीतीने. राजवाड्याचा एक मोठा कारभारी होता, त्याने स्वतःसाठी डोंगरात झकास कबर खोदून घेतली आणि देवाने त्याला चेंडूसारखा भिरकावला. त्याच्या जागी साध्या माणसाला नेमलं आणि दाविदाच्या घराची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवली. तेव्हा किल्ल्या लाकडाच्या असायच्या, हातभर, जड. तो उघडेल ते कोणी बंद करणार नाही. इथे बाबा थांबायचे आणि मिश्कील बघायचे. शांतवनला वाटायचं, पुढचं वाक्य विसरले. पुढचं वाक्य, तो बंद करेल ते कोणी उघडणार नाही, हे त्याने मोठेपणी स्वतः वाचलं. बाबा ते कधीच म्हणायचे नाहीत.

तो घरी गेला, माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली, भंगारातून एक लोखंडी पट्टी निवडली आणि मोरीत बसून कानशीने घासायला लागला. सरिता म्हणाली, उद्या बहीण येणार आणि तुम्ही आज लोखंड घेऊन बसलात. तो म्हणाला, देवळाचं कुलूप बिघडलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. खरंच अर्ध्या तासाचं होतं. चार मिलिमीटरची पट्टी मागून बसवायची, चार स्क्रू, जीभ पूर्ण भोकात. हात चालत होते तसं त्याला बरं वाटत होतं. उद्या ती येईल, आपण पक्क्या कुलपाला किल्ली लावू, दोन फेरे उलटे, आणि दार उघडू, तिच्यासमोर, तिच्यासाठी. नुसतं टेकलेलं दार उघडलं तर त्याला काय अर्थ, असं त्याच्या डोक्यात होतं. उघडायचं तर आधी बंद तरी असलं पाहिजे.

पाच वाजता तो पायरीवर गुडघे टेकून पट्टी लावून बघत होता, तेव्हा देवळामागच्या खोलीतून गोजराबाई आली. गोजराबाई देवळाची झाडलोट करायची. पेठकडची, वयाचा हिशेब सत्तरच्या पुढे कुठेतरी सोडून दिलेला. ती कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली. तिची उंची शांतवनच्या खांद्यापर्यंत. त्याने मान वर करून तिचा खांदा बघितला, मग दारावरचा तेलकट डाग बघितला, आणि काही विचारायची गरज उरली नाही.

"भाऊ, ते नका बसवू," ती म्हणाली. "मंग मानसं कुटं जातील?"

कोण माणसं, त्याने विचारलं. आणि गोजराबाई पायरीवर टेकली आणि गावातल्या विहिरीबद्दल सांगावं तसं सांगू लागली. ती स्वतः शनिवारीच झाडून घ्यायची, म्हणजे रविवारची सकाळ मोकळी. शांतवनला आठवलं, आपण कमिटीत छाती फुगवून सांगितलं होतं की कुलूप नीट लावल्यामुळे आत धूळ येत नाही. उन्हाळ्यात ती आत फरशीवर पडायची, गार असतं. लताबाई मास्तरीण शाळा सुटली की जाते, तिचं पोरगं गेल्यापासून. रात्रपाळी करून आलेले दोघे-तिघे कामगार घरी जायच्या आधी निवांत बसतात, त्यातला एक तर मुसलमान हाय, लय गुणी हाय. ज्याला लागेल तो जातो. आणि कोणी काही उचललं नाही आजवर. कधीपासून, त्याने विचारलं. तुमच्या वडलांच्या टायमापासनं, ती म्हणाली. त्यांनीच दाखवलं मला, खांदा लाव म्हनले, कडीला हात लावू नको, कडी वाजते. शांतवनच्या हातातली पट्टी पायरीवर पडली. बाबांना माहीत होतं. कडी आपल्याकडे ओढून बघायला त्याला शिकवणाऱ्या बाबांना माहीत होतं. त्याच्या मनात बाबांचा तो मिश्कील चेहरा उभा राहिला, अर्ध्या वाक्यावर थांबलेला. आपल्या मुलाचा स्वभाव ओळखून त्यांनी त्याला किल्ली शिकवली होती आणि दार मात्र शिकवलं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. त्याने वाट बघितली, पण आला नाही.

"मग मला का नाही सांगितलं कोणी?" तो म्हणाला.

गोजराबाईने पदराने तोंड पुसलं. "सांगनार व्हते. तुमच्या बहिणीनं नाय म्हनलं."

त्या दिवशी, ती म्हणाली, तुम्ही कामावर गेले अन् पोरगी हितंच हुबी. मी म्हनलं, बाई, खांदा लाव. ती गेली. दोन तास व्हती. आईच्या बाकावर बसली, रुमालातून मेणबत्ती काढली, लावली, लय रडली, मंग निजली बी थोडी. मी चहा नेऊन दिला. निघताना माझा हात धरून म्हनली, दादाला सांगू नका. त्याला वाटू द्या बंद आहे.  गोजराबाईने आपला शब्द बारा वर्षं पाळला होता आणि आता एका लोखंडी पट्टीपायी मोडला होता, आणि तिला त्याचं थोडं वाईट वाटत होतं हे दिसत होतं. मग ती चुलीवर भात आहे म्हणून उठून गेली.

शांतवन आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसला. बाक डगमगत होता, आई असल्यापासून डगमगायचा. खिडकीच्या दगडी कठड्यावर मेणाचे जुने थर होते, एकावर एक, पिवळे, पांढरे. दर रविवारी त्याच्या नजरेला पडायचे आणि त्याला ते मागच्याच उपासनेचे वाटायचे. यातलाच कुठला तरी खालचा थर तिचा. म्हणजे तो सातपूरच्या रस्त्याने चालत होता तेव्हा ती इथे होती. तो जॉब बाद करत होता तेव्हा ती इथे झोपली होती. त्याने काहीच बांधलं नव्हतं. बारा वर्षं ज्या गाठीला तो रात्रंदिवस हात लावून बघत होता, ती गाठच पडली नव्हती. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली, कारण दार बंद नव्हतं त्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं. त्याने तर ते बंदच केलं होतं, मनापासून, दोन फेरे देऊन. पेत्राचं त्याला आठवलं. किल्ल्या मिळाल्यावर थोड्याच वेळात त्याने प्रभूच्या तोंडून ‘सैताना, माझ्यापुढून निघून जा’ असे शब्द ऐकले; दुसरा माणूस उठून गेला असता. आणि पुढे, प्रभूला पकडलं त्या रात्री, एका शेकोटीपाशी, मी त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला. तरी किल्ल्या कोणी परत मागितल्या नाहीत. सेक्रेटरींनी त्या दिवशी तेवढं पुढे वाचलं असतं तर बरं झालं असतं. शांतवन खूप वेळ बसला. खिडकीतून गार वारा येत होता, बाहेर सिंहस्थासाठी रस्ता रुंद करणाऱ्यांचा डांबराचा वास येत होता, आणि त्याला वाटलं की आपल्याला इथे असं नुसतं बसायला येऊन किती वर्षं झाली. किल्ली असलेला माणूस उघडतो, बंद करतो, घड्याळ लावतो, बसत नाही. त्याने खाली वाकून बाकाचा डगमगणारा पाय बघितला आणि घासलेली पट्टी त्याच्याखाली सरकवली. चार मिलिमीटर. बाक हलायचा थांबला.

सकाळी आठला, उपासनेच्या तासभर आधी, ज्योत्स्ना रिक्षातून उतरली. कानाजवळचे केस पांढरे झालेले, चालणं आईसारखं. शांतवन पायरीवर उभा होता. दाराला रीतसर दोन फेरे दिलेले होते आणि किल्ली सुतळीने खांद्यावरून पाठीवर सोडली होती. सरिताने घरून निघताना बघितलं आणि सुतळी तेवढी सरळ केली. त्याने चार दिवस घोटलेलं वाक्य होतं, ते सगळं विसरलं. "ज्योत्स्ना, त्या दिवशी मी चुकलो," तो म्हणाला. "उघडायला पाहिजे होतं."

तिने त्याच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, खांद्यावरच्या सुतळीकडे बघितलं. "गोजराबाई बोलल्या वाटतं," ती म्हणाली.

"बोलल्या. तू का नाही बोललीस?"

तिने पदर खांद्यावर घेतला, थंडी होती. "बाबा गेले तेव्हा तू चार दिवस जेवला नव्हतास, दादा. कमिटीने ही किल्ली हातात दिली तेव्हा जेवलास. मी वाढलं होतं तुला, मला आठवतंय. ती कशी काढून घेऊ तुझ्याकडून?" मग म्हणाली, "राग होता. नव्हता असं नाही. दोन वर्षं तुझं पत्र फोडलंसुद्धा नाही मी. पण मी आत बसून आले होते ना. तू बाहेर होतास."

शांतवनचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला खाली वाकून चपलेतला खडा काढावा तर आज खडाही नव्हता. ज्योत्स्ना दाराच्या अगदी जवळ उभी होती, खांदा आणि फळी यांच्यात दोन बोटांचं अंतर. ती हलली नाही. "उघड," ती म्हणाली. त्याने किल्ली खांद्यावरून काढली, कुलपात घातली, उलटे दोन फेरे दिले आणि दार तिच्यासाठी उघडलं. ती आत गेली, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली आणि सवयीने अंग सावरून घेतलं. मग तिने बाक एकदा हलवून बघितला, खाली बघितलं, आणि त्याच्याकडे बघून हसली.

उपासना झाली, माणसं पांगली. लताबाई मास्तरीण जाताना त्याला मंडळीतल्या रीतीने सलाम म्हणाली, तेव्हा त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. सरिता पुढे जेवणाची तयारी करायला गेली. पायरीवर भाऊ-बहीण उरली. शांतवनने दार ओढून घेतलं, किल्ली घातली, एक फेरा, दुसरा फेरा, खट. सवयीने हात कडीकडे गेला, तो त्याने अर्ध्यात थांबवला आणि बाजूला सरला. ज्योत्स्ना पुढे झाली. तिने डावा खांदा दाराला लावला, जरा रेटलं. दार उघडलं, आतला गारवा दोघांच्या तोंडावर आला. तिने दार पुन्हा ओढून घेतलं आणि हात झटकले.

"नीट लागलंय, दादा," ती म्हणाली. "चल जेवायला."